कीटक हॉटेल: नळ्या बुजतात, पण उघडत नाहीत

आमच्या सामूहिक बागेत कीटक हॉटेल आहे, म्हणजे एकट्या राहणाऱ्या मधमाश्या-गांधीलमाश्यांनी अंडी घालावीत म्हणून पोकळ नळ्या रचलेली पेटी. पहिल्या वर्षी ते असं भरलं की दृष्ट काढावी. दीड महिन्यात चाळीसेक नळ्यांची तोंडं बुजली, कुठे चिखलाने, कुठे हिरव्या पानांनी. दुसऱ्या हंगामात त्यातल्या निम्म्याही उघडल्या नाहीत. नव्या माश्या आल्या, उरलेल्या नळ्या भरल्या, आणि तिसऱ्या हंगामात पुन्हा तोच प्रकार. आम्ही आधी मुंग्यांवर खापर फोडलं, मग पक्ष्यांवर, मग आसपासच्या फवारणीवर. नळी फोडून आत बघायचं मात्र तीन वर्षं एकालाही सुचलं नाही.

नळी बुजली की आपण खूश होतो. माशीच्या हिशेबाने तिथे फक्त अंडी घालून झालेली असतात. पिल्लं बाहेर पडून उडाली का, हे त्यानंतर कित्येक आठवड्यांनी किंवा महिन्यांनी कळतं, आणि तोवर बागेतल्या मंडळींचा उत्साह ओसरलेला असतो. तुमच्याकडेही दरवर्षी हेच होत असेल, तर पुढच्या क्रमाने शोध घ्या. घाईने सगळं हॉटेल धुऊन काढू नका. तो मूर्खपणा आम्ही करून बसलो आहोत.

आधी उशीर आहे की बिघाड, ते ठरवा

या नळ्यांत राहणाऱ्या माश्या पोळ्यातल्या मधमाश्यांसारख्या नसतात. ना राणी, ना कामकरी, ना मधाचा साठा. एकेक मादी एकटीने संसार मांडते. नळीच्या तळाशी पराग आणि मकरंद कालवून गोळा करते, त्यावर एक अंडं घालते, मध्ये भिंत घालते, मग पुढचा कप्पा. तोंडापर्यंत आली की जाडसर बूच लावते आणि निघून जाते. काही आठवड्यांत ती मरते. पिल्लांशी तिची गाठ पडत नाही. पुढचा सगळा काळ अळी, कोष, पूर्ण वाढलेली माशी हा प्रवास बंद नळीतच होतो.

हा काळ किती, हे हवामानावर आणि जातीवर आहे. उबदार प्रदेशात काही पानकापी माश्या आणि चिखलाची घरटी करणाऱ्या गांधीलमाश्या काही आठवड्यांत बाहेर पडतात आणि वर्षात एकापेक्षा जास्त पिढ्या होतात. थंड प्रदेशात बहुतेकींची वर्षाला एकच पिढी, म्हणजे अख्खा हिवाळा आत. काही जातींत थोडी पिल्लं चक्क दोन वर्षं थांबतात. म्हणून सहा महिने बंद असलेली नळी मेलेलीच असेल असं नाही.

यावर इलाज पेन्सिलचा. नळी बुजलेली दिसली की तिच्या कडेला महिना आणि वर्ष लिहायचं. एवढंच. आठवड्याला दहा मिनिटांचं काम आहे, आणि सामूहिक बागेत हे एकाच माणसाने करावं. चौघांनी केलं की चार अक्षरं, चार पद्धती. पहिल्या तीन वर्षांच्या आमच्या नोंदीच नव्हत्या, त्यामुळे कोणती नळी कधीची हे सांगता येईना. जी जुनी समजून फेकली ती कदाचित गेल्याच महिन्यात भरलेली असेल.

बूच वाचायला शिका

भिंग घ्या आणि सकाळच्या उजेडात तोंडं बघा. आत कोण आहे हे बरंचसं बाहेरूनच कळतं.

मऊ, हाताने थापल्यासारखा चिखल म्हणजे बहुधा गवंडी माशी किंवा कुंभारीण नावाची गांधीलमाशी. पानांच्या गोल चकत्या एकावर एक चिकटवलेल्या दिसल्या तर पानकापी माशी. चिकट, पारदर्शक, कधी खडे-भुसा मिसळलेलं बूच असेल तर ते डिंक-राळ वापरणारीचं काम. कापसासारखा पांढरा पुंजका म्हणजे झाडांच्या पानांवरची लव खरवडून आणणारी माशी. सेलोफेनसारखा तलम पापुद्रा अगदी बारीक नळीवर असेल, तर तिथे इवलीशी, जवळजवळ बिनकेसाळ, काळी माशी राहून गेली आहे. आणि नळीतून वाळलेल्या गवताच्या काड्या झाडूसारख्या बाहेर आलेल्या असतील तर घाबरू नका, कोणी कचरा कोंबलेला नाही. ती गवत आणणारी गांधीलमाशी असते, तिच्या कप्प्यांत पिल्लांसाठी बधिर केलेले नाकतोडे किंवा रातकिडे रचलेले असतात.

आता छिद्रं. बुचाला मधोमध नळीएवढंच, स्वच्छ गोल भोक असेल तर पिल्लं बाहेर पडली, आनंद आहे. बुचाला किंवा नळीच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारखी एक-दोन छिद्रं असतील तर परजीवी आतलं सगळं संपवून निघून गेले. बूच उकरलेलं, कडा फाटलेल्या, नळी पुढे ओढलेली असेल तर पक्षी. आणि बूच जसंच्या तसं, तारीख जुनी, एकही छिद्र नाही, अशा नळ्या सगळ्यात जास्त असतील तर दोष बहुधा ओलाव्याचा. आमचा तोच निघाला.

पानकापी माशीवरून एक आठवलं. गुलाब सांभाळणाऱ्या काकू एका सकाळी औषधाचा पंप घेऊनच आल्या. "अरे, बघ की रे माझ्या गुलाबाची पानं, कुणी कात्रीने कापल्यासारखी!" कापणी खरंच कात्रीसारखी होती, काही तुकडे लांबट, काही नीट गोल. मी त्यांना हॉटेलापाशी नेलं आणि बूच दाखवलं. लांबट तुकडे कप्प्याच्या भिंतींना लागतात, गोल चकत्या झाकणाला. काकू बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मग निदान त्या जुन्या फांदीवरचीच ने म्हणावं." पंप परत गेला. झाडाला या कापणीने काही होत नाही, पण त्या दिवशी फवारणी झाली असती तर आमच्या निम्म्या नळ्यांच्या आया तिथेच संपल्या असत्या. हॉटेल लावण्याआधी हे बागेतल्या प्रत्येकाला सांगून ठेवायला हवं, आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

एक नळी फोडा

वाईट वाटतं, पण एक फोडल्याशिवाय निदान होत नाही. पेन्सिलची सर्वांत जुनी तारीख असलेली, हंगाम उलटून गेलेली एक नळी निवडा. बांबू असेल तर धारदार सुरीचं पातं तोंडावर उभं धरून हलकेच ठोकायचं, बांबू उभा चिरला जातो. दोन्ही फाकी पांढऱ्या कागदावर ठेवा.

मी फोडलेली पहिली नळी अजून डोळ्यांपुढे आहे. एकूण सात कप्पे. तळाच्या तीन कप्प्यांत परागाचे गोळे होते, पण पिवळे नव्हते, राखाडी-हिरव्या लोकरीत गुंडाळल्यासारखे. अळी बाहेर आलीच नव्हती. पुढच्या दोन कप्प्यांत अळ्या होत्या, खडूच्या कांडीसारख्या कडक. टाचणीने हलवल्यावर टकटक आवाज आला. सहाव्यात काहीतरी काळं, वाळलेलं. सातव्या कप्प्यात पूर्ण वाढलेला नर, पंख चुरगळलेले, तोंड बुचाकडे. बाहेर यायला त्याला एक सेंटिमीटर चिखल उरला होता.

काय दिसलं की काय समजायचं, ते थोडक्यात असं. लोकरीसारखी बुरशी म्हणजे ओल. कडक, खडूसारख्या अळ्या म्हणजे अळ्यांना होणारा बुरशीचा रोग, जो जुन्या नळ्यांतून नव्या माश्यांकडे जातो. पिवळी-नारिंगी, रवाळ, भिंगाखाली हलणारी भुकटी म्हणजे परागावर जगणारे माइट्स, कोळ्यांच्या जातीचे अगदी बारीक जीव. बारीक कुरळ्या शेवयांसारखी विष्ठा आणि त्यात पांढरट अळ्या दिसल्या तर परागचोर माशी. ही लाल डोळ्यांची छोटी माशी नळ्यांच्या तोंडाशी तासन् तास दबा धरून बसलेली दिसते. कोष जागेवर, पण आत तांदळाच्या कण्यांसारखे असंख्य छोटे कोष भरलेले, तर बारीक परजीवी गांधीलमाशी, बहुधा मेलिटोबिया. मिलिमीटर-दीड मिलिमीटरची ही बया एका पिल्लावर शेकडो पिल्लं वाढवते.

ओल कुठून येते, ते शोधा

छप्पर आहे, मग ओल कशी? हा प्रश्न आम्हीही विचारला. छप्पर होतं, पण पेटीच्या कडेबरोबर कापलेलं. नळ्यांच्या तोंडांपासून ते किमान १० सेंटिमीटर पुढे यायला हवं, वाऱ्याने पाऊस आडवा येत असेल तर आणखी.

एक सोपी परीक्षा सांगतो. नळ्यांच्या मधल्या फटीत आणि पाठीमागे वर्तमानपत्राचे कोरडे तुकडे खोचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काढून बघा. पाऊस नसताना तुकडे लुळे, सुरकुतलेले निघाले तर पाणी दुसरीकडून येतंय. आमचे पाठीमागचे तुकडे कोरडे आणि पुढचे ओले निघाले. संध्याकाळी उभा राहून बघितलं तेव्हा चोर सापडला: वाफ्यांना पाणी देणारा फिरता फवारा. त्याची कमान दर फेरीला हॉटेलाच्या डाव्या बाजूवर दोन सेकंद टेकत होती. रोज अर्धा तास. तीन वर्षं. कोणाच्या लक्षात येणार, फवारा चालू असताना माणूस लांबच उभा राहतो ना.

फवाऱ्याची जागा बदलली, आणि पुढच्या गोष्टी केल्या. हॉटेल भिंतीला चिकटून होतं, तिथे दोन पट्ट्या ठोकून मागे हवा खेळेल एवढी फट सोडली. पेटी किंचित पुढे झुकवली, इतकी की नळीत पाणी शिरलं तरी तोंडाकडून ओघळून जावं. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर नेली. खाली ठेवलेल्या पेटीत मातीचे शिंतोडे, ओल आणि वाळवी तिन्ही येतात.

साहित्यही बघा. प्लास्टिकच्या स्ट्रॉ आणि काचेच्या नळ्या दिसायला छान, पण त्यातून बाष्प बाहेर जात नाही. परागाचा गोळा स्वतःच ओलसर असतो, त्याचीच वाफ आत कोंडते आणि बुरशी धरते. त्या सरळ काढून टाका. बांबू बरा, पण त्याची भिंतही फारशी श्वास घेत नाही, म्हणून सतत दमट हवा असेल तिथे माझी पसंती कागदी नळ्यांना. जाड खाकी कागद पेन्सिलवर तीन-चार वेढे गुंडाळायचा, मागचं टोक दुमडून चिकटवायचं, पेन्सिल ओढून घ्यायची. साधारण ७ ते ८ मिलिमीटरची नळी तयार. अशा नळ्या पेटीत आडव्या रचल्या आणि छप्पर नीट असलं की एक हंगाम आरामात जातो. शिवाय फोडायला सुरी लागत नाही, उलगडली की झालं.

तळ बंद आहे का, लांबी पुरेशी आहे का

आरपार नळीत बहुतेक माश्या घर करत नाहीत. केलंच तर मागून परजीवींना रस्ता मोकळा. बांबू कापताना मागच्या टोकाला गाठ ठेवूनच कापा. गाठ नसेल तर मागे लाकडी फळी किंवा चिकणमातीचा बोळा. आमच्या पेटीतल्या साठ नळ्यांपैकी किती आरपार होत्या ते मी इथे सांगत नाही, लाज वाटते.

लांबीचा मामला जास्त मजेशीर आहे. या माश्यांत फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर होतो, आणि कुठलं अंडं घालायचं हे आई ठरवू शकते. माद्या आत, तळाशी. नर पुढे, तोंडाकडे. नर आधी बाहेर पडतात, त्यामुळे ही रचना सोयीची. नळी आखूड असेल तर आई मुख्यत्वे नरच घालते. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ जाँ-आंरी फाब्र याने एकोणिसाव्या शतकातच गवंडी माश्यांना आखूड आणि लांब नळ्या देऊन हे पाहिलं होतं. म्हणजे सहा-सात सेंटिमीटरच्या नळ्यांचं तयार हॉटेल टांगलं, ते भरभरून बुजलं, सगळी पिल्लं सुखरूप बाहेर पडली, तरी पुढच्या वर्षी अंडी घालायला माद्याच अपुऱ्या. दरवर्षी संख्या घटत जाण्याचं हे एक कारण वरवर बघून कधीच सापडत नाही.

६ ते ८ मिलिमीटर रुंदीच्या नळीला १५ सेंटिमीटर लांबी द्या. ३ ते ५ मिलिमीटरच्या बारीक भोकांना ८-१० चालते. १० मिलिमीटरच्या वर फार जाऊ नका, तिथे कोळी राहतात. मोठा काळा भुंगा तुमच्या भोकाची वाट बघत बसत नाही, तो सुकं लाकूड किंवा बांबू स्वतःच पोखरतो.

लाकडाच्या ठोकळ्यात भोकं पाडत असाल तर ठोकळा कडक, वाळलेल्या लाकडाचा हवा, आणि भोक तंतूंना आडवं, म्हणजे सालीच्या बाजूने पाडायचं. ओंडक्याच्या कापलेल्या गोल तोंडावर भोकं पाडलेली चित्रं सगळीकडे दिसतात. ते लाकूड वाळताना तिथेच तडकतं, आणि भेगेतून ओल आणि परजीवी आत जातात. मऊ लाकडाचे तंतू दमटपणात फुगून भोकात उभे राहतात. भोक पाडल्यावर पॉलिश पेपर गुंडाळलेली काडी आत फिरवा, कडा गुळगुळीत करा. एका कुसळाने पंख फाटतो आणि पंख फाटलेली माशी संपलीच. कीड लागू नये म्हणून रसायन मुरवलेलं लाकूड, ताजा रंग, वॉर्निश, काहीही नको.

परजीवी: यात आपलाच हात

परजीवी निसर्गात असतातच आणि थोडे असावेतही. पण मोकळ्यावर ही घरटी विखुरलेली असतात, एक वाळक्या फांदीत, दुसरं पन्नास पावलांवर. आपण दोनशे भोकं एका फळीवर आणून ठेवतो. परजीवीला आयतं ताट. कॅनडातल्या टोरोंटो शहरात स्कॉट मॅकआयव्हर आणि लॉरेन्स पॅकर या संशोधकांनी तीन वर्षं सुमारे ६०० माशी-हॉटेलांची पाहणी केली आणि ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. २७,००० हून जास्त माश्या आणि गांधीलमाश्यांची नोंद झाली. दरवर्षी जवळपास तीन चतुर्थांश हॉटेलांत स्थानिक गांधीलमाश्या राहत होत्या, आणि परजीवींचा त्रास बाहेरून आलेल्या माश्यांपेक्षा स्थानिक माश्यांना जास्त होता. हॉटेल टांगलं की माश्यांचं भलं झालंच, असं समजणाऱ्यांनी हे जरूर मनावर घ्यावं. मीही त्यातलाच होतो.

गांधीलमाश्यांवरून बागेत आरडाओरडा होतो, म्हणून एवढंच सांगतो: नळ्यांत राहणाऱ्या एकट्या असतात, घर राखायला अंगावर येत नाहीत, आणि पिल्लांसाठी अळ्या नाहीतर कोळी पकडतात. वाफ्यांना त्यांचा फायदाच. झुंडीने राहणाऱ्या, डसणाऱ्या जाती नळीत मावत नाहीत. त्या छपराखालच्या पोकळीत कागदी पोळं लटकवतात. ती पोकळी आधीच बुजवून टाका.

आता खरा उपाय. एकच मोठं हॉटेल मोडा आणि वीस-तीस नळ्यांच्या छोट्या पेट्या करून बागेत लांब लांब लावा. आमच्या भव्य हॉटेलात पाइनचे शंकू, विटा, गवताचा खण, फुलपाखरांसाठी उभ्या फटींची पेटी असं सगळं होतं. फुलपाखरू त्या फटीत एकदाही गेलेलं मी पाहिलं नाही. कोळी मात्र मजेत होते. शंकूंमध्ये झुरळं. गवताचा खण ओल धरून ठेवत होता आणि तीच ओल शेजारच्या नळ्यांत जात होती. सगळ्यांसाठी एकाच छपराखाली सोय करण्याच्या नादात कोणाचीच धड होत नाही. वाळक्या फांद्यांचा ढीग एका कोपऱ्यात, पालापाचोळा दुसऱ्या कोपऱ्यात, आणि पेटीत फक्त नळ्या, असं केल्यावर बागेची शोभा कमी झाली अशी तक्रार आली. ती मी ऐकून घेतली.

दुसरं, नळ्या बदला. कागदी आणि बांबूच्या दर हंगामाला, भोकं पाडलेला ठोकळा फार तर दोन हंगामांनी. जुन्या नळीत रोग, माइट्स, बुरशीचे बीजाणू राहतात आणि नवी मादी त्यातच पुन्हा घर करते. आमच्या दरवर्षीच्या दुखण्याचं ओलीखालोखालचं कारण हेच होतं.

पण जुन्या नळ्यांत जिवंत पिल्लं असतील तर फेकायच्या कशा? त्यासाठी एक अंधारी पेटी करा. पुठ्ठ्याचा किंवा लाकडाचा बंद खोका, झाकण घट्ट, पुढच्या बाजूला खाली साधारण १० ते १२ मिलिमीटरचं एकच भोक. नवी माशी बाहेर पडली की उजेडाकडे धावते, भोकातून बाहेर जाते, आणि अंधाऱ्या खोक्यात घर करायला परत येत नाही. हंगाम सुरू होण्याआधी जुन्या नळ्या या खोक्यात ठेवायच्या आणि खोका नव्या पेटीजवळ, पावसापासून आडोशाला. भोकाकडे दिवसातून एकदा नजर टाका, कोळ्याने त्यावर जाळं विणलं तर सगळा खटाटोप त्याच्या पोटात. हंगाम संपला की खोका रिकामा करून नळ्यांची विल्हेवाट लावा.

मुंग्या आणि पक्षी

मुंग्यांसाठी लोक काय काय करतात! आधी बघा पेटीला गवताचं पातं, वेल, फांदी टेकलीय का. तो पूल तोडला की निम्म्याहून जास्त प्रश्न मिटतो. मग खांबाला छपराखाली, कोरड्या जागी ग्रीसचा बोटभर पट्टा. उघड्यावर चिकट पट्टी लावू नका, त्यात माश्या आणि सरडेही अडकतात.

पक्ष्यांसाठी अडीच-तीन सेंटिमीटर भोकांची तारेची जाळी, पण नळ्यांना चिकटवून नको. सहा-सात सेंटिमीटर पुढे ठेवा, म्हणजे चोच पोचत नाही आणि माशी आरामात आत जाते.

नळ्या बुजतच नसतील तर

ही तक्रार वेगळी आहे, लवकर आटोपतो. पेटी हलतेय का बघा; झाडाला दोरीने टांगलेल्या, वाऱ्यावर झुलणाऱ्या पेटीत माशी उतरत नाही. सकाळचं ऊन मिळतंय का बघा. उत्तर गोलार्धात तोंड आग्नेयेला, दक्षिण गोलार्धात ईशान्येला. उन्हाळा कडक असेल तिथे पूर्वेला आणि दुपारी सावली, नाहीतर पत्र्याच्या छपराखाली अळ्या भाजून निघतात. फुलं किती लांब आहेत? छोट्या एकट्या माश्या साधारण १५० ते ६०० मीटरच्या टापूतच फिरतात, त्यामुळे दोनशे-तीनशे पावलांत हंगामभर काही ना काही फुललेलं हवं. आणि चिखल! गवंडी माशीला ओली चिकणमाती लागते, वाळू चालत नाही. आमच्या बागेत जिकडे तिकडे पाचोळ्याचं आच्छादन केलेलं, उघडी माती दिसायची सोय नाही. एका कोपऱ्यात छोटा खड्डा करून चिकणमाती ओली ठेवली आणि चौथ्या दिवशी तिथे माश्या गोळे उचलताना दिसल्या.

तो उघडा कोपरा नंतरही तसाच ठेवला. जगातल्या सुमारे २०,००० जातींच्या माश्यांपैकी जवळपास ७० टक्के जमिनीत बीळ करून राहतात, त्यांना आपली नळी नकोच आहे. सुकलेल्या भागात पेन्सिलच्या टोकाएवढी भोकं आणि भोवती मातीची रांगोळी दिसायला लागली आहे. कोणीतरी त्यावर पुन्हा पाचोळा पसरतं, मी पुन्हा बाजूला करतो.

सध्याची स्थिती

फवारा हलवून आणि पेट्या सुट्या करून आता दोन हंगाम झाले. गेल्या हंगामात पेन्सिलने तारीख घातलेल्या ५४ नळ्यांपैकी ४१ वर स्वच्छ गोल भोक दिसलं. सहांवर टाचणीची छिद्रं. चार फोडल्या, त्यात बुरशी एकाच नळीत, आणि ती नळी मीच गाठ न बघता कापलेली होती. ५४ पैकी उरलेल्या, न फोडलेल्या तीन नळ्यांची बुचं अजून शाबूत आहेत. तारीख बघता त्या कधीच उघडायला हव्या होत्या. बागेतली मुलं रोज विचारतात, फोडायच्या का? त्या अंधाऱ्या खोक्यात ठेवल्या आहेत, पुढचा हंगाम संपेपर्यंत हात लावायचा नाही असं खोक्यावर लिहून.